हातापुरतं पिस्तूल

माझा हात लहान आहे. आमच्या गल्लीत बांगड्या भरायला येणारी कासारीण माझा पंजा हातात घ्यायची, बोटांची मुळं एकमेकांवर दाबायची, अंगठा आत मुडपायची आणि टोपलीतून नेमका तोच जोड काढायची. टेप नाही, पट्टी नाही. आईला म्हणायची, "पोरीचा हात बारका हाय, पन हाडं ताठ हाईत." पन्नाशीच्या उंबऱ्यावर पिस्तूल घ्यायला निघाले तेव्हा कळलं, की त्या बाजारातही माप तिथंच घेतात: चार बोटांच्या मुळांशी पंजाची रुंदी. त्यावरून ठरतं, मूठ स्मॉल लागणार की मीडियम की लार्ज. फरक एवढाच, की कासारीण चुकली तर बांगडी चढत नाही किंवा फुटते, लगेच कळतं. पिस्तूल चुकीच्या मापाचं असलं तरी हातात जातं, आणि महिनोन्महिने आपण नेम चुकतोय म्हणून स्वतःलाच बोल लावत राहतो.

पिस्तूल म्हटलं की लोक जरा मागं सरकतात, म्हणून सांगून टाकते. हे नेमबाजीतलं एअर पिस्तूल. सिलिंडरमध्ये दाबून भरलेली हवा, त्या हवेनं सुटणारी साडेचार मिलिमीटरची शिशाची गोळी (तिला रेंजवर सगळे पेलेट म्हणतात) आणि दहा मीटरवर टार्गेट. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. पिस्तूल एकाच हातात धरायचं, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेला, आणि ७५ मिनिटांत ६० गोळ्या. २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ डिकेच खिशात हात घालून उभा राहिला आणि जगभर त्याचा फोटो फिरला, तेव्हा आमच्या रेंजवरची पोरं हसत होती. खिशात हात तर सगळेच घालतात.

कोल्हापुरात नेमबाजी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून कांस्य आणलं. दर पदकानंतर रेंजवर नव्या पोरांची रांग लागते. आणि काही वर्षांनी, दहावी-बारावी, नोकरी, गुडघा, कंटाळा अशा कारणांनी, त्यातल्या बऱ्याच जणांची हत्यारं विकायला निघतात. माझी सोय या दुसऱ्या गोष्टीमुळे झाली.

मी तिथं गेले ती भाचीला सोडायला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, बहिणीची नोकरी चालू, त्यामुळे पोरीची ने-आण माझ्याकडे. ती आत सराव करायची, मी बाहेर बाकावर मासिकं वाचत बसायची. एके दिवशी तिचे सर बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, बसून काय करताय? या की आत, उभ्या तरी राहा." उभी राहिले. आयुष्यभर काउंटरवर नोटा मोजलेल्या हाताला एक गोष्ट येत होती: बाकी सगळं अंग गप्प ठेवून फक्त बोटं हलवायची. सरांना ते आवडलं. मला स्वतःला काय आवडलं ते सांगणं अवघड आहे. कदाचित एवढंच, की त्या दीड तासात कुणाला काही उत्तर द्यायचं नसतं.

रेंजच्या पिस्तुलावर काही काळ भागतं. पण ते दिवसभर वेगवेगळ्या हातांतून फिरतं, त्यामुळे त्याची मूठ कुणाचीच नसते. स्वतःचं घ्यायचं तर ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, जर्मनीचं वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊ, ही नावं ऐकू येतात, आणि नव्याची किंमत दीड-दोन लाखांच्या पुढं जाते. माझ्या वयाला आणि माझ्या गुणांना ती शोभणारी नव्हती. मास्टर्स गटात उतरणाऱ्या बाईनं एवढे पैसे हवेत उडवायचे म्हणजे शब्दशः हवेत. म्हणून जुनं.

नातेवाइकांत ही बातमी पसरली तेव्हा प्रत्येकाला तिचा एकच अर्थ लागला. "घरात एकटी असतेस, बरं झालं." मी सांगायची, की २०१६च्या शस्त्र नियमांनुसार साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, आणि माझ्या पिस्तुलाची ताकद जेमतेम सहा ज्यूल. चोराला इजा होण्यापेक्षा हसू येण्याची शक्यता जास्त. डोळा फोडायला मात्र सहा ज्यूल पुरतात, म्हणून ते कुलपात असतं आणि सिलिंडर वेगळ्या कपाटात. यावर एका मावसभावानं सल्ला दिला, "मग खरंच घे ना, बायकांसाठी निघालंय म्हणे." त्याच्या डोक्यात ‘निर्भीक’ होतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली ते .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी म्हणून आणलं होतं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि ठेवायला दागिन्यांची वाटावी अशी पेटी. त्या बातम्यांत वजन आलं, किंमत आली, पेटीचं कौतुकही आलं. बाईच्या तर्जनीचं पेर चापापर्यंत नीट पोचतं का, हे मात्र मला कुठं वाचायला मिळालं नाही. स्वसंरक्षणाच्या बंदुकीबद्दल माझी मतं वेगळी आहेत, ती इथं काढत नाही. पण हत्यार कशासाठीही असो, बोटाचा प्रश्न तोच राहतो.

शोध सुरू झाल्यावर पहिलं समोर आलं ते रेंजवरच्या एका निवृत्त फौजदारकाकांचं जुनं रशियन बैकल. त्याला सिलिंडर नसतो. नळीखालचा लांब दांडा उघडून मिटायचा, एका दमात एका गोळीपुरती हवा दाबली जाते. यंत्र म्हणून मला ते फार आवडलं. बिघडायला त्यात फारसं काही नाही, भरायला काही लागत नाही, आणि काका देत होते त्या किमतीत एखादी सायकलही आली नसती. पण वजन सव्वा किलोच्या पुढं, नाकाकडे जड, आणि मूठ इतकी जाड की माझी बोटं तिला वळसा घालेपर्यंतच संपायची. चापावर तर्जनीचं फक्त टोक टेकायचं. काका म्हणाले, "घासून बारीक करू की." लाकूड घासता येतं, पण मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचं अंतर किती घासणार? मध्ये लोखंड आहे. स्वस्तपणाचा मोह सुटायला मला थोडे दिवस लागले, एवढं खरं.

दुसरं होतं एका कॉलेजकन्येचं, छोट्या नळीचं, हलकं. हातात घेतल्याबरोबर "अगं बाई, छान बसलं" असं तोंडून गेलं. सर बाजूलाच होते. त्यांनी मला हात खाली घ्यायला लावला, पिस्तूल टेबलावर ठेवायला लावलं, पुन्हा उचलायला लावलं, असं बऱ्याचदा. मग म्हणाले, "दर वेळी वेगळं धरलंय तुम्ही. आणि दर वेळी छानच बसलंय." मला हे त्या वेळी पटलं नाही, आता पटतं. गोलसर, गुळगुळीत, मऊ मूठ हाताला कुठंही बसू देते, म्हणून ती छान वाटते. बरोबर मूठ हाताला पर्यायच ठेवत नाही. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी एकाच जागी वर जाऊन अडते, मधलं बोट चापाच्या कड्याखाली एकाच खाचेत पडतं, तळव्याखालची पाम-शेल्फ हात वर ढकलून धरते. पहिल्या दिवशी ती थोडी अडचणीची वाटते, नव्या चपलेसारखी नव्हे तर परक्याच्या घरात ताठ बसावं तशी. दुकानात पाच मिनिटं धरून जे सुखाचं वाटतं त्याच्यावर पैसे टाकू नयेत, हे मी आता रेंजवर येणाऱ्या प्रत्येक आईबापाला न विचारता सांगते.

तपासायची रीत साधी आहे. पिस्तूल धरायचं, डोळे मिटायचे, हात टार्गेटच्या उंचीला न्यायचा, दोन श्वास थांबायचं आणि डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध दिसली, तर मूठ तुमची. दर वेळी ती डावीकडेच किंवा वरच दिसत असेल, तर तुमचं मनगट आणि मूठ यांचं जमत नाही, आणि तुम्ही प्रत्येक गोळीला मनगट मुरडून ती भरपाई करणार. साठ गोळ्यांत मनगट केव्हातरी विसरतंच. हिशोबही सांगते, कारण बँकेची सवय जात नाही. माशी आणि खाच यांतलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर. तिथं एक मिलिमीटरची चूक झाली की दहा मीटरवर गोळी तीन सेंटिमीटर सरकते, आणि दहाच्या जागी सात पडतात. आता तर्जनीचा विचार करा. पेराची गादी चापावर सपाट बसली तर दाब सरळ मागं येतो. बोट तोकडं पडून टोकानं ओढलं, किंवा बोटाची कड मुठीच्या लाकडाला घासली, तर तोच दाब तिरका जातो आणि नळी बाजूला ढकलतो. एक मिलिमीटर ढकलायला फार ताकद लागत नाही. चापाचं वजन नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम असावं लागतं, म्हणजे पिस्तुलाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास. एवढा जोर एका पेरानं सरळ मागं आणायचा, बाकी हात जणू दुसऱ्या कुणाचा आहे असा ठेवून.

सांगलीच्या एका मुलाचं पिस्तूल सरांच्या ओळखीतून कळलं. स्टायरचं एलपी-१०. मुलगा पुण्यात कंपनीत लागला होता, शनिवारी घरी यायचा. मी आधी फोनवर सांगून ठेवलं होतं, की आदल्या रात्री सिलिंडर पूर्ण भर, दाबाच्या काट्याचा फोटो पाठव, सकाळी पुन्हा पाठव. दोन्ही फोटोंत काटा दोनशेलाच होता. पोरगा सरळ वाटला.

दार वडलांनी उघडलं. टीपॉयवर पेटी आधीच मांडून ठेवली होती, आणि तिच्याशेजारी एक फाइल: खरेदीची पावती, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्राची कात्रणं. मी पेटीकडे वळले आणि ते फाइलकडे. "दोन लाखांच्या वर गेलेत मॅडम त्या वेळी. कोचिंग वेगळं. दिल्ली, भोपाळ, सगळीकडं मी स्वतः सोबत गेलोय, रजा टाकून." मुलगा आतून आला, सहा फूट उंच, माझा अख्खा पंजा त्याच्या तळव्यात मावेल एवढा हात. "काकू, ग्रिप तुम्हाला बसणार नाही. लार्ज आहे, आणि मी पार बदललीये. पण बाकी एक नंबर आहे, बघा तुम्ही."

सरांनी बजावलं होतं, की आधी सिलिंडर, मग ट्रिगर, मग नळी, ग्रिपच्या नादाला लागूच नका. पण पेटी उघडली की डोळ्यांत भरते ती मूठच. अक्रोडाचं लाकूड, मूळचा तांबूस रंग घामानं काळपट पडलेला. तळव्याच्या पोकळीत बसणारा एम-सीलचा राखाडी उंचवटा, एकदा लावलेला, घासलेला, त्यावर पुन्हा दुसरा थर. मधल्या बोटाच्या जागी कानशीनं खोल केलेली खाच. अंगठ्याखाली पेन्सिलची रेघ, इथपर्यंत घासायचं अशी, आणि त्या रेघेच्या थोडं अलीकडंच काम थांबलेलं. मी तिच्यात माझा हात घातला. माझ्या बोटांना कुठंच लाकूड लागलं नाही. त्याच्या बोटांच्या जागा मात्र सगळ्या कळत होत्या, करंगळीला त्यानं किती सैल सोडलं होतं तेसुद्धा.

मग कामाला लागले. सिलिंडर दोन होते. ही अल्युमिनियमची नळकांडी दोनशे बारपर्यंत हवा धरतात आणि बनवणारे त्यांना दहा वर्षांची मुदत देतात. तारीख अंगावरच कोरलेली असते. एकाची मुदत उलटून गेली होती, तो मी हिशोबातून काढला. दुसऱ्याची काही वर्षं शिल्लक होती. जुन्या पिस्तुलात निम्म्या लोकांचं या तारखेकडे लक्षच नसतं, आणि स्पर्धेत मुदतीबाहेरचा सिलिंडर चालत नाही, शिवाय दोनशे बार दाबाची वस्तू चेहऱ्याजवळ धरायची असते. ट्रिगरसाठी मी रेंजवरून ५०० ग्रॅमचं आकडा असलेलं वजन नेलं होतं. नळी वर करून चापाला वजन अडकवलं, अलगद उचललं, चाप सुटला नाही. पहिला टप्पा हलका, मग स्पष्ट अडथळा, मग काचेसारखा तुटला. मला यांत्रिक ट्रिगरच हवा होता. इलेक्ट्रॉनिक फार सुरेख असतो असं म्हणतात, पण टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, बराच वेळ दुरुस्तीत गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली, ते मी टीव्हीवर पाहिलं होतं. तिच्याकडे सोबत माणसं होती. मला एकटीला बॅटरी-सर्किटच्या भानगडीत पडायचं नव्हतं. शेवटी नळी. घरालगतच्या बंद बोळात त्यानं सरावासाठी लोखंडी पेटी लावली होती. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून त्यानं पाच गोळ्या मारल्या. कागदावर एकच भोक पडलं, कडा जरा फाटलेल्या.

भावावर गाडी अडली. वडील सांगत होते ती किंमत पिस्तुलाची नव्हतीच. तिच्यात रजा होत्या, भोपाळचं रेल्वेचं तिकीट होतं, कात्रणं होती. मी देत होते ती फक्त लोखंडाची. मी त्यांना तसं बोलले नाही, बोलायची सोय नव्हती. आतून चहा घेऊन आलेल्या आईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "हाताला घट्टे होते हो त्याच्या इथं, आता गेले बघा सगळे." मुलगा काही बोलला नाही. त्यानं पेटीतून ॲलनची चावी काढली, मुठीचा एकुलता एक स्क्रू सोडवला, मूठ काढून शोकेसवर ठेवली, आणि पिस्तुलाचं उघडं लोखंड माझ्याकडे सरकवलं. "ग्रिप देत नाही, बाबा. बाकीचं काकूंना देऊ. काकू म्हणतात त्यात ग्रिप वजा करा." वडलांनी शोकेसकडे पाहिलं, फाइल मिटली आणि म्हणाले, "बघा, तुमचं तुम्ही." माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स, दोघांच्या सह्यांचा कागद, आणि मी बसस्टँडवर. मूठ नसलेलं पिस्तूल हातात धरून बघा कधी. ते कशाचंच हत्यार वाटत नाही, पाइपाचा एक तुकडा वाटतो.

नवी स्मॉल मूठ मागवायची तर आयात आणि महिने. सरांनी पुण्यातून एक जुनी मिळवली, एका मुलीचा हात वाढल्यामुळे अडगळीत पडलेली. ती मुलगी आता मीडियमवर आहे म्हणे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीची मूठ पन्नाशीच्या बाईला रुंदीला बरोबर झाली, जाडीला नाही. बाईच्या तळव्याला मांस असतं, आणि माझ्या अंगठ्याचं मूळ नोटा मोजून मोजून जरा जास्तच फुगलेलं आहे. म्हणजे काही ठिकाणी घासायचं, काही ठिकाणी भरायचं. कुठं घासायचं हे कळणार कसं? सरांनी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, लिपस्टिक आहे का?" मुठीच्या आतल्या बाजूला लिपस्टिकचा पातळ हात फिरवायचा, मूठ धरायची, दहा गोळ्या कोऱ्याच मारायच्या आणि मग तळहात बघायचा. जिथं गडद लाल तिथं लाकूड जास्त दाबतंय. जिथं काहीच नाही तिथं पोकळी. माझ्या तळव्याच्या मधोमध एक पांढरं बेट होतं, तिथं एम-सील. तर्जनीच्या मुळाशी लाल रेघ, तिथं पॉलिश पेपर. "एका दिवसात करायचं नाही," सर म्हणाले. "एम-सील काढता येतं, लाकूड परत लावता येत नाही."

एका दिवसात न करायचं आणखीही एक कारण आहे, ते मला नंतर उमगलं. हात दिवसभर एका मापाचा नसतो. सकाळी तो बारीक असतो. अर्धा तास पिस्तूल धरलं की रक्त उतरतं, बोटं जाड होतात आणि सकाळी बरोबर बसलेली मूठ घट्ट होते. उन्हाळ्यात घाम, डिसेंबरात गारठा. म्हणून शेवटचं घासणं मी नेहमी चाळिसाव्या गोळीच्या पुढं गेल्यावर करायची, तेव्हा हात जसा असतो तसा. आणि भरताना भान ठेवावं लागतं, कारण नियमाप्रमाणे अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. सरांकडे सुतारानं केलेली तशी एक लाकडी पेटी आहे. माझी पाम-शेल्फ एकदा तिच्यात अडकली, तेव्हा दोन मिलिमीटर लाकूड मी अगदी जिवावर येऊन काढलं.

सर अशा वेळी हंगेरीच्या कारोय ताकाचची गोष्ट सांगतात. सैन्यातला नेमबाज. १९३८ साली त्याच्या उजव्या हातात सदोष ग्रेनेड फुटला, पंजा गेला. गुपचूप डाव्या हातानं सराव करून तो पुन्हा उभा राहिला आणि १९४८ला लंडनला, मग १९५२ला हेलसिंकीला, रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्ण घेऊन गेला. पोरांना ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. मला मात्र तिच्यातली दुसरीच गोष्ट खुणावते. त्या माणसाला आपली मूठ नव्यानं शोधावी लागली असेल. डाव्या हाताची खाच, डाव्या अंगठ्याची जागा, सगळं आरशातल्यासारखं उलट. उजव्या हातानं इतक्या वर्षांत लाकडाला जे शिकवलं होतं त्यातलं एक मिलिमीटरही उपयोगाचं नव्हतं. हे काम कुणी इतिहासात लिहून ठेवत नाही, कारण ते कानशीनं होतं आणि त्याचा भुसा झाडून टाकतात.

माझे गुण वाढले का, हा प्रश्न सगळे विचारतात. वाढले, पण लोकांना सांगण्याइतके नाही. फरक पडला तो वेगळाच. पूर्वी गोळी बाहेर गेली की कारणांची रांग लागायची: पिस्तूल परकं, मूठ मोठी, चाप लांब. आता ती रांग मोडली आहे. गोळी डावीकडं गेली, तर ती मीच नेलेली असते, आणि बहुतेक वेळा सुटायच्या आधीच मला कळलेलं असतं. हे सुखाचं आहे असं मी म्हणणार नाही. महागाचं हत्यार घेऊन हे कळायला जेवढे पैसे लागले असते, त्याच्या निम्म्यात कळलं एवढं समाधान.

सध्या भाचीसाठी शोध चालू आहे. तिची बोटं लांब, पंजा अरुंद, म्हणजे मीडियम मूठ आणि चाप पुढं सरकवलेला. आधी तिनं माझ्याच पिस्तुलावर डोळा ठेवला होता. "मावशी, फक्त ग्रिप बदलली की झालं!" मी सरळ नाही म्हणाले. मागच्या आठवड्यात इचलकरंजीला एक मोरिनी बघायला गेलो. पेटी चकचकीत, किंमत इतकी कमी की तिला तिथंच हो म्हणायचं होतं. मी सिलिंडर हातात घेतला आणि खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला. तारीख कोरलेल्या जागी कुणीतरी कानस फिरवली होती. मालक म्हणाला, "ते काही नसतं हो, हवा धरतो की चांगली." मी सिलिंडर परत पेटीत ठेवला आणि भाचीला म्हटलं, चल, साडेपाचची बस मिळेल.